तिकिटावरचे जास्तीचे तीन तास

लंडन ते टोकियो किती लांब आहे, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. कामासाठी जायचं होतं, तिकीट आलं होतं, विषय संपला होता. तिकीट टेबलावर ठेवून मी दुसऱ्या खोलीत गेले आणि तेवढ्यात आठवीतल्या लेकीने ते उचललं. पाच मिनिटांनी हाक आली, "आई, तू पावणेतेवीस तास विमानात बसणार?"

संध्याकाळी सातला लंडनहून निघायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणेसहाला टोकियोला पोचायचं, असं तिकिटावर होतं. तिने सरळ वजाबाकी केली होती. मी सांगितलं की दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. फेब्रुवारीत टोकियोचं घड्याळ लंडनच्या नऊ तास पुढे असतं, म्हणून तेवढे वजा कर. (उन्हाळ्यात लंडनकर घड्याळ एक तास पुढे करतात, जपानी लोक करत नाहीत, म्हणून तेव्हा फरक आठच तासांचा.) तिने नऊ वजा केले. पावणेचौदा तास. तिचं समाधान झालं असेल असं मला वाटलं.

झालं नव्हतं. रात्री जेवताना ती म्हणाली, "अंतर ९,५६० किलोमीटर. विमान ताशी ९०० ने जातं. म्हणजे साडेदहा तास, फार तर पावणेअकरा. मग वरचे तीन तास कुठे गेले?"

मी म्हटलं, चढायला-उतरायला लागत असतील. तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा घास मी गप्प गिळला. तीन तास चढायला कोणतंच विमान घेत नाही. आणि हे मला माहीत होतं.

त्या शनिवारी आम्ही हिशेबाला बसलो. आधी अंतराचाच आकडा तपासायचा होता, कारण शोधताना प्रत्येक ठिकाणी वेगळा मिळत होता. कुठे ९,५६०, कुठे ९,५९०, कुठे त्याहून जरा जास्त, तर कुठे ५,९४०, आणि ते मैल निघाले. तिच्याकडे तीस सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल आहे. शिवणाचा धागा घेऊन एक टोक लंडनवर चिकटवलं, दुसरं टोकियोवर ताणलं. धागा ताणला की तो आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर सरकतो, हे पाहण्यासारखं आहे. बोटाने त्याला खाली, तुर्कस्तानच्या बाजूला ढकललं तर तो सैल पडायचा नाही, उलट अपुरा पडायचा. सोडला की टुणकन वर. नॉर्वे, फिनलंडचा माथा, मग रशियाचा उत्तर किनारा आणि तिथून खाली सायबेरिया ओलांडून जपान. लांबी भरली पावणेतेवीस सेंटिमीटर. गोलाचा परीघ सव्वाचौऱ्याण्णव सेंटिमीटर आणि पृथ्वीचा साधारण ४०,००० किलोमीटर, म्हणजे एका सेंटिमीटरला ४२४ किलोमीटर. गुणाकार आला ९,६५० च्या जवळ. गाठ आणि चिकटपट्टी यांच्या मानाने वाईट नाही.

मग भिंतीवरच्या नकाशावर तेच केलं. तिथे लंडनहून टोकियोला सरळ पट्टी लावली की ती काळ्या समुद्राच्या उत्तरेकडून, कझाकस्तान आणि चीनवरून, कुठेही थंडीचा लवलेश नसल्यासारखी पूर्वेला जाते. तो नकाशा मर्केटर या नकाशाकाराच्या पद्धतीचा. १५६९ साली त्याने तो खलाशांसाठी काढला, होकायंत्राचा एकच कोन धरून गलबत हाकता यावं म्हणून. त्या कामाला तो उत्तम आहे. पण त्या सरळ रेषेवरून खरोखर गेलं तर ११,३०० किलोमीटर पडतात. नकाशावर वाकडी दिसणारी उत्तरेकडची कमान तिच्यापेक्षा सुमारे १,७०० किलोमीटरने जवळची. लेकीला हे इतकं आवडलं की तिने त्या नकाशाला "खोटारडा" म्हणायला सुरुवात केली आणि अजून म्हणते.

आकडा पक्का करायला शेवटी त्रिकोणमिती काढली. माझी पंचवीस वर्षांपूर्वीची, तिची अजून न शिकवलेली. दोन्ही शहरांचे अक्षांश, रेखांशांतला फरक, साइन-कोसाइनचे दोन गुणाकार आणि एक बेरीज. एवढ्यावर पृथ्वीच्या मध्यापासून दोन शहरांत किती कोन होतो ते कळतं. आमचा कोन आला ८६ अंशांना जेमतेम कमी. एका अंशाला १११.२ किलोमीटर, म्हणून ९,५६०. सागरी मैल मोजणाऱ्यांना हे आणखी सोपं, एका अंशाला ६० मैल. ते मैल मुळात त्यासाठीच तसे ठरवलेले. आणि ९,५९० कुठून आले तेही उलगडलं. ते विमानतळांमधलं अंतर. हीथ्रो शहराच्या पश्चिमेला आहे, म्हणजे टोकियोच्या उलट बाजूला. जास्तीचा आकडा कोणाचा, तर पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे हे धरून हिशेब करणाऱ्यांचा. विषुववृत्ताजवळ त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाकडे ६,३५७.

तेव्हा अंतराबद्दल भांडण नव्हतं. फरक होता तीस-पन्नास किलोमीटरचा, विमानाच्या दोन-तीन मिनिटांचा. वेगही बरोबर होता. मोठी विमानं ध्वनीच्या ८५ टक्के वेगाने जातात. अकरा किलोमीटर उंचीवर हवा उणे ५६ अंशांच्या आसपास असते, तिथे ध्वनीच ताशी १,०६० किलोमीटरने धावतो, त्याचे ८५ टक्के म्हणजे ९००. तीन तास काही सापडेनात.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत, निवृत्त वैमानिक. त्यांना फोन लावला. मी सगळा हिशेब सांगितला, धाग्यासकट. ते ऐकून घेत होते आणि मधूनच हसत होते.

"धागा रशियावरून गेला ना तुझा?"

"हो."

"विमान नाही जात आता."

एवढं साधं उत्तर. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला. ब्रिटनने रशियाच्या एरोफ्लोटला आपलं आकाश बंद केलं, रशियाने दुसऱ्याच दिवशी ब्रिटिश विमानांना आपलं बंद केलं. युरोपीय संघाशीही पाठोपाठ तसंच. जपानी कंपन्यांनी स्वतःहून तो मार्ग सोडला. आमच्या पावणेतेवीस सेंटिमीटरच्या धाग्यातला निम्म्याहून जास्त धागा त्या एका देशावर होता. ही बातमी तेव्हा मीही वाचली होती. बातमी आणि तिकिटाचे तास यांचा संबंध मात्र दोन वर्षांत एकदाही डोक्यात जोडला गेला नव्हता.

काकांना मग राहवेना. त्यांचं म्हणणं, यात नवीन काहीच नाही, आपण फक्त मागे गेलोय. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत आकाश पाश्चात्त्य कंपन्यांना असंच बहुतेक बंद होतं. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने २४ फेब्रुवारी १९५७ ला कोपनहेगनहून टोकियोला उत्तर ध्रुवाच्या बाजूने सेवा सुरू केली, मध्ये अलास्कातल्या अँकरेजला इंधन भरायला थांबून. पुढे जवळजवळ सगळेच तसे जाऊ लागले. युरोप आणि जपान यांच्यामधल्या एका पिढीच्या प्रवाशांनी अँकरेजच्या विमानतळाची काच मध्यरात्री पाहिली आहे. १९८३ मध्ये फिनएअरने हेलसिंकीहून ध्रुवावरून न थांबता टोकियो गाठलं, त्याचं तेव्हा कौतुक झालं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियन विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं, पाडलं गेलं, २६९ माणसं गेली. हे सांगताना काकांचा आवाज उतरला. वैमानिकांच्या त्या पिढीला तो आकडा पाठ आहे. सायबेरिया सगळ्यांना मोकळा झाला तो त्यानंतर काही वर्षांनी, आणि मग अँकरेजची ती काच ओस पडली.

"मग आता कुठून जाणार आई?" लेकीने फोन हिसकावलाच.

"ते त्या दिवशी दुपारी ठरेल."

हे मला ठाऊक नव्हतं. रेल्वेसारखा मार्ग आखून ठेवलेला असतो अशी माझी समजूत. प्रत्यक्षात जमिनीवर बसलेली माणसं दर उड्डाणाच्या काही तास आधी वाऱ्याचे अंदाज घेऊन वाट नव्याने काढतात. नकाशावर लांबची वाट वाऱ्यामुळे घड्याळात जवळची ठरू शकते. रशिया वगळला की दोनच दिशा उरतात. एक खालून, काळा समुद्र, कॉकेशस, कॅस्पियन, मध्य आशिया, चीन, कोरिया. दुसरी वरून, ग्रीनलंड, उत्तर कॅनडा, अलास्का, पॅसिफिक. काका म्हणाले, जाताना बहुतेक खालून नेतील, कारण वारा पाठीशी असेल. येताना वरून आणतील, त्याच वाऱ्याला तोंड द्यायला नको म्हणून.

लेकीने गोलावर खालच्या वाटेवर टाचण्या टोचल्या (गोल प्लॅस्टिकचा होता, आता तो चाळणीसारखा दिसतो) आणि त्यांच्याभोवती धागा फिरवला. पावणेअठ्ठावीस सेंटिमीटर. जवळजवळ ११,८०० किलोमीटर. भागिले ९००, तेरा तास आणि वर थोडी मिनिटं. आणि तिकिटावरचा वेळ उडल्यापासून उतरेपर्यंतचा नसतो, जागेवरून विमान हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीकडे जाणं, रांगेत उभं राहणं, हे सगळं धरून पावणेचौदा. तीन तास सापडले.

तिने मला एक छोटी वही दिली. चार वेळा लिहून आणायच्या होत्या. विमान हललं, उडलं, टेकलं, थांबलं. दोन्ही बाजूंच्या.

मी इमानदारीत लिहिल्या. हललो ७.१२ ला, बारा मिनिटं उशिरा. उडालो ७.३८ ला. म्हणजे सव्वीस मिनिटं आम्ही एका विमानतळावर नुसते फिरत होतो. समोरच्या पडद्यावर नकाशा लावून बसले. शेजारच्या गृहस्थांनी दोन सिनेमे पाहिले, मी एक विमानाचं चित्र पाहिलं. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, रुमेनिया, मग काळा समुद्र. तिथून पुढे जॉर्जिया आणि अझरबैजान यांच्यावरची ती चिंचोळी वाट. वर रशिया, खाली इराण, आणि युरोपातून पूर्वेला जाणारी एवढी विमानं त्या फटीतून सुईच्या नेढ्यातल्या दोऱ्यासारखी ओवली जातात. पडद्यावर ती फट बोटाएवढी दिसत होती. मला तेव्हा लेकीच्या टाचण्या आठवल्या. तिने तिथे एकच टोचली होती, कारण दुसरीला जागा नव्हती.

कॅस्पियननंतर मी झोपले. जाग आली तेव्हा चीनमधलं उरुमची मागे पडलं होतं आणि खाली तपकिरी-पांढरं काहीतरी संपता संपत नव्हतं. कोरियाच्या अलीकडे पडद्यावरच्या वेगाकडे लक्ष गेलं आणि मी वही काढली. १,१३० किलोमीटर! विमान काही जास्त जोर लावत नव्हतं. हवेच्या तुलनेत ते ९०० नेच चाललं होतं, पण ती हवाच सव्वादोनशेच्या वेगाने जपानकडे निघाली होती. हिवाळ्यात जपानवर हा उंचावरचा वारा जगातल्या सर्वांत जोरकस वाऱ्यांपैकी असतो.

या वाऱ्याची गोष्ट मी परतल्यावर वाचली, पण ती इथेच सांगितली पाहिजे. टोकियोच्या ईशान्येला तातेनो नावाच्या जागी वेधशाळा होती. तिथे वासाबुरो ओइशी १९२० च्या दशकात हवेत फुगे सोडून दुर्बिणीतून त्यांचा माग काढायचे. वर गेल्यावर फुगे भलत्याच वेगाने पूर्वेला पळतात हे त्यांनी मोजलं, नोंदवलं आणि १९२६ मध्ये अहवाल छापला. जगाने वाचावा म्हणून एस्पेरांतोमध्ये, म्हणजे साऱ्या जगाची व्हावी म्हणून मुद्दाम घडवलेल्या भाषेत. व्हायचं तेच झालं, जगाने तो वाचला नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेक्या विमानांची जपानवर त्याच वाऱ्याशी गाठ पडली आणि त्यांचे नेम चुकले, तेव्हा त्या वाऱ्याची सगळ्यांना ओळख झाली. त्या भाषेची निवड मला फार लागली. इतका मोठा शोध आणि इतका भाबडा विश्वास.

टोकियोत टेकलो ५.१९ ला, थांबलो ५.३३ ला. हवेत बारा तास एक्केचाळीस मिनिटं. बारा मिनिटं उशिरा निघून बारा मिनिटं आधी पोचलो, ही ओइशींच्या वाऱ्याची मेहेरबानी.

कामाचे आठ दिवस इथे सांगण्यासारखे नाहीत.

परतीचं विमान शुक्रवारी सकाळी. तिकिटावर पावणेदहाला निघून त्याच दिवशी दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी लंडन. नुसतं वाचलं तर पाच तास वीस मिनिटांचा प्रवास. नऊ मिळवले की चौदा तास वीस मिनिटं. हललो ९.४१, उडालो १०.०२. काकांचं बरोबर निघालं. विमान लंडनकडे, म्हणजे पश्चिमेला जायचं सोडून नाक ईशान्येला करून पॅसिफिकवर गेलं. शेजारच्या बाई क्षणभर घाबरल्या. त्यांनी पडद्याकडे बोट करून विचारलं, आपण बरोबर विमानात आहोत ना? मी त्यांना धाग्याची गोष्ट सांगितली. त्या नम्रपणे ऐकत राहिल्या, मग डोळ्यांवर पट्टी ओढून घेतली.

चार तासांनी सूर्य मावळला. जेवणाची ताटं जेमतेम उचलली होती आणि बाहेर अंधार. वार बदलायची रेषा ओलांडून आम्ही शुक्रवारातून गुरुवारच्या संध्याकाळी आलो होतो. खिडकीची पट्टी वर करून मी तो दुसऱ्यांदा आलेला गुरुवार पाहत बसले. फारसं काही नव्हतं, पंखाच्या टोकावरचा दिवा आणि खाली मिट्ट काळोख. बाहेरचं तापमान पडद्यावर उणे ६६. काकांनी सांगितलं होतं की या वाटेवर वैमानिक इंधनाच्या तापमानावर डोळा ठेवून असतात. जेट ए-वन नावाचं नेहमीचं इंधन उणे ४७ ला गोठू लागतं. पंखांत साठवलेलं ते हळूहळूच गार होतं, पण फार उतरलं तर जरा खाली, उबदार हवेत जावं लागतं, किंवा वेग वाढवावा लागतो. उणे ५५ ला "उबदार" म्हणणारी माणसं ती. आणखी एक म्हणजे, दोन इंजिनांच्या विमानाने एक बंद पडलं तरी ठरलेल्या वेळात पोचता येईल असा विमानतळ कायम आवाक्यात ठेवायचा असतो. त्यामुळे उत्तर कॅनडावर आम्ही नाकासमोर न जाता थोडे वळत वळत गेलो, कुठल्याशा बर्फातल्या धावपट्टीचं बोट धरून.

मध्यरात्र होऊन पुन्हा शुक्रवार लागला तो बहुधा माझ्या झोपेत. ग्रीनलंडच्या आसपास क्षितिजावर तांबडं फुटलं. त्याच तारखेचा दुसरा सकाळचा उजेड. खालचं बर्फ निळसर, मग गुलाबी, आणि मला टोकियोत पाहिलेली सकाळ काल-परवाची वाटायला लागली. आइसलँडपर्यंत लख्ख उजाडलं होतं.

लंडनला टेकलो २.४७ ला. तेरा तास पंचेचाळीस मिनिटं हवेत. वेळेच्या आधी आलो म्हणून मनात खूश झाले, आणि तिथेच फसले. आमच्या जागेवर दुसरं विमान उभं होतं. चौदा तास जगाच्या माथ्यावरून यायचं आणि घराच्या दारात किल्ली शोधत उभं राहायचं, तसं आम्ही धावपट्टीच्या कडेला बसून राहिलो. सगळे उभे, सगळ्यांच्या हातात बॅगा, कोणी हलत नाही. थांबलो ३.१४ ला. तिकिटापेक्षा नऊ मिनिटं उशीर.

लेकीने वही घेतली आणि गोलाकडे गेली. वरच्या वाटेचा धागा तिने मी नसतानाच मोजून ठेवला होता, २९ सेंटिमीटर, म्हणजे १२,३०० किलोमीटर. भागाकार करून सरासरी वेग काढले. जाताना ताशी ९२९, येताना ८९५. मग बराच वेळ पेन्सिल चावत बसली.

"काय झालं?"

"लंडन-टोकियो, पुढे काय लिहू? अंतरं तीन झाली. तास चार झाले."

मी म्हटलं, चारही लिही, बाजूला तारीख टाक. तिने लिहिले. त्याखाली, मी सांगितलं नसताना, आणखी एक ओळ लिहिली: जागा मिळायची वाट पाहण्यात २७ मिनिटं. ही तिने २.४७ आणि ३.१४ वरून काढली होती. त्यात विमान चाललं तो वेळही आला, असं मी दाखवायला गेले, तर म्हणाली, "मग पुढच्या वेळी पाचवी वेळ पण लिहून आण."